बाळाला रमवण्याचा इतिहास

यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यात बान्सी नावाचे एक गाव आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये या गावच्या ग्रामसभेने एक ठराव केला आणि दोन-चार दिवस का होईना, बान्सीचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. ठराव असा, की अठरा वर्षांखालील मुलांनी मोबाइल वापरावयाचा नाही. वापरताना आढळल्यास दंड. करोनाच्या साथीत शाळा बंद पडल्या आणि अभ्यास मोबाइलवर आला. पुढे शाळा उघडल्या, अभ्यास शाळेत परत गेला. मोबाइल मात्र परत जावयास तयार होईना. तो मुलांच्या हाती राहिला, खेळांसाठी आणि नको ते पाहण्यासाठी, अशी गावकऱ्यांची तक्रार. त्याच वर्षी तिकडे सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावी संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला, की दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. पूर्वी गिरणीचा भोंगा माणसांना कामावर बोलावी. हा भोंगा त्यांना एकमेकांशी बोलावयास बसवी, एवढाच काय तो फरक!

शहरातल्या वाचकांनी या बातम्या कौतुकाने वाचल्या, काहींनी हसण्यावारी नेल्या. मी पुसदच्याच बाजूचा माणूस. मला हसू आले नाही. पण ठराव वाचताना एक गोष्ट मनात घोळत राहिली. अठरा वर्षांखालील म्हणजे सतरा वर्षांचा पोरगाही आला आणि दीड वर्षाचे लेकरूही आले. सतरा वर्षांच्या पोराला ठराव कळतो, दंड कळतो आणि ठराव मोडण्याच्या युक्त्याही कळतात. दीड वर्षाच्या लेकराला यांतले काहीच कळत नाही. ते मोबाइल चोरून नेत नाही की उसना मागत नाही. त्याच्या हाती तो कोणीतरी मोठे माणूस देते. का देते? आणि मोबाइल नव्हता तेव्हा काय देत होते? या प्रश्नाचा माग काढीत गेलो, तर आपल्या जिल्ह्याचा एक निराळाच इतिहास हाती लागतो. त्यात लढाया नाहीत, तह नाहीत. रडणारी लेकरे आहेत आणि त्यांच्या रडण्याकडे लक्ष द्यावयास सवड नसलेल्या आया आहेत.

हा जिल्हा कापसाचा. १९०५ पर्यंत याला वणी जिल्हा म्हणत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोचली. या सगळ्याचे वर्णन आपण पाठ्यपुस्तकांत वाचलेले असते. पुस्तकात नसते ते एवढेच, की झाडावरचा हा कापूस बोंडागणिक हातांनी वेचावा लागतो आणि ते हात बहुतेक बायकांचे असतात. वेचणी ऐन दिवाळीच्या सुमारास सुरू होते. आपण इकडे फराळाच्या ताटाशी बसून हा अंक चाळीत असतो, तेव्हा पऱ्हाटीच्या ओळींतून कमरेला ओटी बांधलेल्या बायका वाकून चाललेल्या असतात. मजुरी वजनावर. जितका कापूस वेचाल तितके पैसे. महिनेवारी पगाराची नोकरी असली, तर लेकराला पाजण्यात अर्धा तास गेल्याने काही बुडत नाही. किलोवर मजुरी असली, की तो अर्धा तास तराजूत दिसतो.

मग लेकराचे काय? बांधावरच्या बाभळीला नाही तर लिंबाला जुन्या लुगड्याची झोळी बांधावयाची, त्यात त्याला टाकावयाचे आणि दोरी हाती देऊन सात-आठ वर्षांच्या थोरल्या बहिणीला बसवावयाचे. झोळीचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत. मीही त्याच झोळीत वाढलो आणि झोळीसारखी झोप मला पुढे गादीवर कधी लागली नाही. पण दोरी ओढणाऱ्या त्या बहिणीचे कौतुक कोणी केलेले मी वाचलेले नाही. आमच्या पिढीत, आणि नंतरही कितीतरी वर्षे, खेड्यातल्या मुली शाळेत न जाण्याचे एक मोठे कारण ही दोरी होती. पहिलीच्या हजेरीपटावर नाव असे, भादव्यापर्यंत मुलगीही असे. वेचणी लागली, की पटावर नुसते नाव उरे.

ज्यांना थोरली बहीण नव्हती, त्यांचे काय होई, हे सांगताना जरा जड जाते. देशाच्या अनेक भागांत तान्ह्या मुलांना अफू देत. मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बाया कामावर जाण्यापूर्वी बाळाला अफूची बाळगोळी चाटवीत. मूल दिवसभर गुंगीत पडून राही. रडत नसे, भूक मागत नसे. हिंदुस्थानातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी १९२९ मध्ये व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन नेमले गेले. १९३१ च्या त्याच्या अहवालातही या चालीची दखल घेतलेली आहे. माझी आजी कापसाच्या जिनात कामाला जात असे. तिच्या सांगण्याप्रमाणे तिच्या बरोबरीच्या काही बाया पदराच्या गाठीला ती इवलीशी गोळी बांधून आणीत. आजी हे सांगताना त्यांना नावे ठेवीत नसे. "पोट पोराचंही होतं अन् आईचंही होतं," एवढेच म्हणे आणि विषय बदली.

आजचा मोबाइल म्हणजे ती अफूच, असे मी मुळीच म्हणत नाही. अफूने मुले मरत; मोबाइलची तशी तुलना करणे हा अतिरेक होईल. मला दोन्हीकडे सारखी दिसते ती आई. तिला आठ तास हात मोकळे हवे असतात आणि त्या आठ तासांत लेकरू गप्प राहावे, अशी सोय बाजार तिला स्वस्तात देऊ करतो. गिरण्यांच्या बाबतीत पुढे कायदा आला. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया जेथे काम करतात तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर ठेवणे मालकावर बंधनकारक झाले. पुढे १९७६ मध्ये ती संख्या तीसवर आणली. गोळी सुटावयाची तर गोळीचे काम दुसऱ्या कोणीतरी करावयास हवे, हे त्या कायद्याने ओळखले. शेताला मात्र फाटक नसते, तेव्हा त्याला फॅक्टरी कायदाही नसतो.

पण आपल्या लोकांनी लेकरांना नुसते झोपवलेच, असे समजण्याचे कारण नाही. रमवलेही पुष्कळ. पांगुळगाडा, खुळखुळा, भिंगरी, चिंचोक्यांचा खेळ, मातीची चूल आणि लाकडी भातुकली; यादी लांबवीत नेली तर संपादक कात्री लावतील. त्यांतल्या एका गोष्टीवर मात्र मला थोडे रेंगाळावयाचे आहे, ती म्हणजे आम्हा विदर्भवाल्यांचा तान्हा पोळा. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना पोळा ठाऊक आहे, बेंदूर ठाऊक आहे. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा स्वतंत्र पोळा असतो, हे सांगितले तर ते चकित होतात. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी तो सुरू केला, असे सांगतात. सुताराकडून चाकांचा लाकडी बैल करून घ्यावयाचा, त्याला झूल, बेगड, गळ्यात माळ. मोठ्या माणसांचे बैल जसे तोरणाखाली उभे राहतात, तशी तीन-चार वर्षांची पोरे आपापले बैल घेऊन ओळीत उभी राहतात आणि मग दारोदार जाऊन बोजारा गोळा करतात. सुताराने बैल केला, मामाने दोरी लावली, आईने झूल शिवली, शेजारणीने हातावर पैसा ठेवून "किती दातांचा आहे रे तुझा बैल?" असे गंभीरपणे विचारले आणि त्या पोराने तितक्याच गंभीरपणे उत्तर दिले! एका लाकडी बैलापायी सबंध गाव त्या लेकराशी बोलून घेई. खेळणे एक असे, पण त्यामागे माणसे दहा असत. आजही तान्हा पोळा होतो. बैल तयार मिळतात आणि बोजारा घेताना मुलांचे फोटो काढतात. मुलाने उत्तर द्यावयाच्या आतच फोटो पुढच्या गावी पोचलेला असतो.

लहान मूल खेळते तेव्हा ते वेळ घालवीत नाही, काम करते, ही गोष्ट शास्त्र म्हणून आपल्याकडे उशिरा आली. मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये आपले पहिले बालगृह जानेवारी १९०७ मध्ये उघडले. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढले. त्यांना येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. ताराबाईंचा वऱ्हाडशी संबंध होता. लग्नानंतर काही वर्षे त्या अमरावतीला राहत होत्या, हे आमच्याकडच्याही फार थोड्यांना ठाऊक असते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. परंतु ताराबाईंचे खरे मोठेपण मला दिसते ते १९४५ नंतरचे. शहरातल्या पांढरपेशांच्या मुलांसाठी चाललेले हे सुबक बालमंदिर त्यांनी उचलले आणि ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला नेले. तेथे अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. माँटेसरींची साधने विलायती, महाग, गुळगुळीत लाकडाची. बोर्डीच्या मुलांसाठी ताराबाई-अनुताईंनी शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे यांचीच साधने केली. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत ना? मग बालवाडी त्यांच्या अंगणात न्यावी. अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना त्या धडपडीतून आली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरतात तेथेच मुले शिकतात. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, अनुताई १९९२ मध्ये. त्या दोघींनी मुलाला कधी आईच्या कामाच्या आड येणारी अडचण मानले नाही आणि आईलाही कधी गुन्हेगार ठरवले नाही. आजच्या उपदेशकांनी त्यांच्याकडून निदान ही दुसरी गोष्ट घ्यावयास हरकत नाही.

याच सुमारास घरात बोलणारी यंत्रे येऊ लागली. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. रेडिओबद्दल माझी तक्रार अशी फारशी नाही. तो कोनाड्यात असे, लेकराच्या हाती येत नसे, आणि त्याच्यावर गाणे लागले तर आई भाकरी थापता थापता तेच गाणे म्हणे. म्हणजे गाणे शेवटी आईच्याच तोंडून लेकराला मिळे. 'देवबाप्पा' या १९५३ च्या चित्रपटातले मोराचे गाणे असेच घरोघरी पोचले. ते लिहिणारे ग. दि. माडगूळकर पुढे १९७३ मध्ये यवतमाळला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्याच्या काही महिने आधी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबईत दूरदर्शनचा पडदा उजळला होता. मुख्यमंत्री होते आमच्या पुसदचे वसंतराव नाईक. मुंबईत चित्रे हलू लागली तेव्हा राज्याच्या खेडोपाडी दुष्काळ होता आणि त्यांच्याच कारकीर्दीतल्या रोजगार हमीच्या कामांवर बाया खडी फोडीत होत्या, लेकरे लुगड्याच्या सावलीत निजली होती. एकाच वर्षातली ही दोन चित्रे. इतिहासाला अशी जवळजवळ मांडून ठेवण्याची खोड आहे.

टीव्ही खेड्यात खरा रुजला तो रविवार सकाळच्या 'रामायणा'ने. १९८७ च्या जानेवारीत ते सुरू झाले. गावात संच एखाददुसरा, त्याच्यापुढे सारी आळी. तान्ही मुले मांडीवर असत आणि पडद्यापेक्षा बायकांच्या बांगड्यांकडेच जास्त पाहत. पडदा सगळ्यांचा होता आणि काही तासांनी तो बंद होई. ही दोन्ही बंधने सुटली ती पुढच्या तीस वर्षांत. स्पर्शाने चालणारे मोबाइल २००७ नंतर जगभर पसरले. त्यात अक्षरओळखीची गरज राहिली नाही. बोट लावता आले की पुरे, आणि बोट तर आठ-नऊ महिन्यांच्या बाळालाही लावता येते! सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि इंटरनेट चहाहून स्वस्त झाले. आमच्याकडच्या तांड्यांवर आणि पोडांवर हे सगळे पाच वर्षांत पोचले. रस्ते अजून पोचावयाचे आहेत.

आता शास्त्र काय म्हणते, ते पाहू. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल या विदुषीने २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांची काही अमेरिकन बाळे घेतली. चार आठवड्यांत बारा वेळा एक चिनी बोलणारी बाई त्यांच्यापुढे बसून खेळणी दाखवी, पुस्तक वाची, बोले. बाळांना चिनी भाषेतले अवघड ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. दुसऱ्या बाळांना तीच बाई, तेच बोलणे, परंतु टीव्हीच्या पडद्यावर दाखवले. ती बाळे टक लावून पाहत राहिली आणि शिकली मात्र काहीच नाहीत. बाळ हुंकार देते, माणूस त्याला उत्तर देतो. बाळ बोट दाखवते, माणूस तिकडे पाहतो. या देवघेवीतून भाषा उगवते. पडदा हुंकाराला उत्तर देत नाही. एप्रिल २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की दोन वर्षांखालील मुलांना पडद्यापुढे बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको. कमी असेल तितके बरे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही पुढे जवळजवळ हेच सांगितले. दूरच्या आजोबांशी मोबाइलवरून तोंड पाहून बोलावयास मात्र त्यांची हरकत नाही, कारण आजोबा हुंकाराला उत्तर देतात.

यवतमाळपुरता यात आणखी एक पदर आहे. आमच्या जिल्ह्यात कोलाम आहेत, गोंड आहेत, आंध आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. कोलामाच्या पोडावरचे मूल कोलामी ऐकत वाढते, तांड्यावरचे गोरमाटी. त्यांच्या आज्यांजवळ गाणी आहेत, कोडी आहेत, झाडापाखरांची नावे आहेत. मोबाइलवरच्या चित्रांना यांपैकी काही येत नाही. मागे एका तांड्यावर तीन वर्षांचे एक पोर माझ्याशी चित्रपटातल्यासारखे हिंदी बोलले. घरचे हसले, मीही कौतुक केले. पण त्याची आजी गोरमाटीत हाक मारीत होती आणि तो वळून बघत नव्हता. पडद्याने वेळ खाल्ला तर तो भरून काढता येतो. आजीची भाषा कशी भरून काढणार?

आणि ज्या अंगणवाडीने या पोराला आजीच्या भाषेतून हळूहळू मराठीकडे आणावयाचे, तिची हकीकत काय? सरकारने एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू केली, तेव्हा देशभर तेहतीस प्रकल्प होते. महाराष्ट्रातले दोन, एक मुंबईची धारावी आणि दुसरा आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातला धारणी. कोसबाडचा शब्द असा सरकारी झाला आणि घरोघर पोचला, याचा आनंदच आहे. पण अंगणवाडीच्या कामात खाऊ, वजन आणि नोंदी यांना जितका मान मिळाला, तितका खेळाला आणि गोष्टीला मिळाला नाही. नोंदींचे रजिस्टर पुढे मोबाइलमध्ये गेले. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर नावाचे ॲप आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत नेऊन दिले. मोबाइल जुनाट, बंद पडणारे. ॲपची भाषा इंग्रजी. पुढच्याच वर्षी बान्सीच्या ग्रामसभेने मुलांच्या हातचा मोबाइल काढला. म्हणजे मुलांनी मोबाइल ठेवावा, असे गाव म्हणते आणि त्याच मुलांच्या बाईंनी तो हातात धरावा, असे सरकार म्हणते. सेविकेची मान पडद्यात खाली असताना समोरचे मूल "बाई, हे बघा" म्हणत पाटी धरून उभे असते. हे मी एका अंगणवाडीत डोळ्यांनी पाहिले आहे. त्यात दोष त्या सेविकेचा नव्हता. पाच वाजायच्या आत तिला सगळी वजने भरावयाची होती.

बान्सीच्या ठरावाकडे मी आदरानेच पाहतो. ग्रामसभेने मुलांच्या खेळण्याचा विचार करावयास बसावे, ही गोष्ट आमच्या भागात सहसा घडत नाही. नाल्या, रस्ते आणि घरकुले यांतच सभा आटोपते. परंतु ठरावाने मोबाइल काढून घेतला, तर दुपारी बारा वाजता पऱ्हाटीच्या ओळीत उभ्या असलेल्या आईच्या लेकराजवळ कोण बसणार, हे ठरावात लिहावयास जागा हवी होती. थोरली बहीण? ती आता शाळेत आहे, आणि तिने तेथेच राहावे. आजी? तिचेही डोळे आता पडद्यावरच्या मालिकेत असतात, आणि तिलाही पूर्वी कधी विसावा मिळालेला नाही.

उत्तर अगदीच नाही, असे नाही. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याच्या परिशिष्टात एक तरतूद लिहिली गेली. कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांच्यापैकीच एका बाईला मुले सांभाळण्याच्या कामावर नेमावयाचे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावयाची. लेकराजवळ बसणे हे काम आहे आणि त्याची मजुरी असते, हे आपल्याकडे कायद्याच्या भाषेत इतक्या साधेपणाने क्वचितच लिहिले गेले असेल. २०२२ पासून केंद्र सरकारच्या 'पालना' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोयही झाली आहे. कापसाची वेचणी खाजगी शेतावरची, तेथे रोजगार हमीचा हा नियम लागत नाही. पण दहा शेतकऱ्यांनी मिळून वेचणीच्या दोन महिन्यांपुरती एक म्हातारी लिंबाखाली बसवावयाची ठरवली आणि किलोमागे काही पैसे तिच्यासाठी बाजूला ठेवले, तर त्याला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. तिला गोष्टी येत असल्या, तर उत्तमच. चिंचोके बांधावर पुष्कळ मिळतात.